पेटीबाहेरच्या वस्तू

सवारीचा पंजा धातूचा असतो. पितळेचा, तांब्याचा, एखाद्या जुन्या आशुरखान्यात, म्हणजे सवारी बसते त्या जागी, चांदीचा. मोहरमचा चंद्र दिसला की पेटी उघडते. पंजे घासूनपुसून लख्ख होतात, काठीवर चढतात, त्यांना रंगीत कापड आणि फुलांचे सेहरे बांधले जातात. कुठे पहिल्या दिवशी बसतात, कुठे पाचव्या. दहाव्या दिवशी सवारी पाण्यावर नेऊन थंड केली की पंजे उतरतात आणि पुन्हा पेटीत जातात. पाच बोटं म्हणजे पंजतन: पैगंबर, अली, फातिमा, हसन, हुसेन. पेटीला कुलूप, किल्ली मुजावराकडे. ही वस्तू टिकेल. तिची मला काळजी नाही.

जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि खुद्द परभणी, या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत सवाऱ्या बसत आल्या आहेत. इसवी सन ६८० मध्ये कर्बल्याच्या मैदानात मारल्या गेलेल्या इमाम हुसेनांच्या नावानं त्या निघतात. खांदा देणाऱ्यांत पाटील असतो, कोळी असतो, धनगर असतो. काही गावांत मुसलमानांचं एकही घर उरलेलं नाही, तरी सवारी निघते. या सवाऱ्यांचं जे सामान पेटीत मावत नाही, ते भराभर कमी होत चाललं आहे. त्याची ही यादी आहे. क्रम लावलेला नाही.

यादी करावी असं वाटलं ते फार दूरच्या एका घरामुळे. कॅरिबियन समुद्राच्या उत्तरेला बहामा बेटं आहेत. तिथल्या नासाऊ शहरात वेस्ट स्ट्रीटवर एज्युकल्चर नावाचं लहानसं संग्रहालय आहे. आर्लिन नॅश फर्ग्युसन या शिक्षिकेनं ते उभं केलं. विषय एकच: जंकानू. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना नाताळात थोडी सुट्टी मिळे, त्या सुट्टीत ते सोंगं काढून, ढोल वाजवत रस्त्यावर उतरत. आजही २६ डिसेंबरला आणि १ जानेवारीला रात्र उलटल्यावर नासाऊच्या बे स्ट्रीटवर मिरवणूक निघते ती सकाळपर्यंत चालते. पुठ्ठा, तार आणि झिरमिळ्या कापलेला रंगीत कागद एवढ्यावर माणसाच्या दुप्पट उंचीचे पोशाख उभे राहतात. मिरवणूक संपली की पूर्वी ते तिथंच टाकून देत. पुढच्या वर्षी सगळं नव्यानं. २०२३ मध्ये युनेस्कोनं जंकानूला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण त्याच्या कितीतरी आधी या शिक्षिकेनं ओळखलं होतं की एका रात्रीपुरत्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवून भागत नाही. तिच्या संग्रहालयात आलेल्या माणसाच्या हाती ढोल देतात, घंटा देतात, कागद चिकटवायला बसवतात.

परभणी जिल्ह्यात सवारीचं असं घर माझ्या पाहण्यात नाही. असतं तर त्यात पुढच्या वस्तू लागल्या असत्या.

अलावा. आशुरखान्यासमोरचा खड्डा. चंद्र दिसला की त्यावर पहिली कुदळ मारायची, दरवर्षी त्याच जागी. रात्री त्यात आग पेटायची आणि गाव तिच्याभोवती फेर धरायचं. जळण प्रत्येक आळीतून यायचं: बाभळीचे ओंडके, तुराट्या, पऱ्हाट्या. मानवत आणि सेलू या कापसाच्या बाजारपेठा, त्यामुळे पऱ्हाट्यांना तोटा नव्हता. आता शिवारात सोयाबीन आहे आणि त्याचं भुसकट क्षणात भडकून विझतं. पण अलावा गेला तो जळणापायी नव्हे. चौकात सिमेंटचा रस्ता झाला, नाही तर पेव्हर ब्लॉक बसले. खड्डा कुठं खणायचा? काही गावांनी लोखंडी घमेल्यात चार लाकडं पेटवून रीत पाळली आहे. घमेल्याभोवती दोनशे माणसांचा फेर होत नाही.

हलगी. हिच्याबद्दल जास्त सांगायला हवं.

कडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एक जाड आणि एक बारीक काडी. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग हलगी शेकायची. आगीच्या धगीवर तोंड धरून फिरवत राहायचं, मधून बोटानं टिचकी मारून बघायचं, सूर चढला की उठायचं. शेकणारा कातडं जळू देत नाही आणि थंडही राहू देत नाही, हे अंतर त्याच्या तळहाताला कळतं. सवारीत ही आग वेगळी शोधावी लागत नसे, कारण अलावा समोरच असे. वाजवणारे मांग समाजाचे. सवारी उठताना एक वाजवणं, वाट चालताना दुसरं, दोन सवाऱ्यांची भेट होताना तिसरं, थंड व्हायला निघाल्यावर चौथं. गावातला आंधळा माणूससुद्धा घरी बसून सांगू शके की सवारी आता कुठवर आली.

अलावा बुजला तशी शेकायची आग गेली. आग गेली तशी शेकावी न लागणारी फायबरची हलगी आली. नट आवळले की सूर लागतो, पाऊस पडला तरी हरकत नाही. मग कातडं कमावून ताणणाऱ्याचं काम गेलं. फायबरचा आवाज मोठा आणि एकसारखा, त्यावर वेगवान चालीच खुलतात, म्हणून वाट चालतानाचं संथ वाजवणं मागं पडलं. शेवटी डीजे आला आणि हलगीवाल्याला बोलावणंच थांबलं. एका खड्ड्यावर सिमेंट पडलं आणि त्यामागे एवढं सगळं ओळीनं गेलं. वस्तू एकटी जात नाही.

नासाऊलाही बकऱ्याच्या कातड्याचा ढोल आगीवर शेकतात. त्रिनिदाद बेटावर ताशा शेकतात. त्रिनिदादचा हा ताशा आपलाच. त्या बेटावर पुढे येतो.

वाघ. अंगभर पिवडी, त्यावर काजळीचे पट्टे, कमरेला शेपूट, तोंडात लिंबू. नवसानं वाघ होणारी माणसं असत. दख्खनच्या मोहरमात वाघ एकटा नव्हता. १८३२ मध्ये लंडनला ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक छापलं गेलं. लेखक जाफर शरीफ, दख्खनचाच माणूस, आणि त्याच्याकडून ते लिहवून घेऊन इंग्रजीत आणणारा मद्रासच्या फौजेतला डॉक्टर हर्क्लॉट्स. त्यात मोहरमच्या सोंगांची लांबलचक यादी आहे. मजनू आहे, लैला आहे, म्हातारा-म्हातारी आहे, हाजी अहमक आणि हाजी बेवकूफ ही जोडी आहे, वाघ आहे, अंगाला काळं फासून आफ्रिकी माणूस झालेला सिद्दी आहे. प्रत्येकानं काय नेसायचं, हातात काय धरायचं, हे सगळं नोंदलेलं आहे. सोंगं काढणारे गेले, पण जाफर शरीफ या एका माणसाच्या कष्टामुळे कोण कोण होतं ते तरी कळतं. गावोगाव उरलाय तो फार तर वाघ, आणि त्याच्याही अंगावर ऑइलपेंट.

सिद्दीच्या सोंगापाशी मी थांबतो. दख्खनमध्ये आफ्रिकी माणसं खरोखर होती. औरंगाबाद वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला. ज्या निजामशाहीचा तो वजीर, तिचं मूळ आपल्या पाथरीत आहे. या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते असं इतिहासकार फरिश्ता लिहून गेला, आणि ती वडिलोपार्जित पाथरी ताब्यात यावी म्हणून पहिला बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला. याच बुऱ्हाणनं १५३७ च्या सुमारास शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावानं शिया पंथ स्वीकारला. अहमदनगरच्या सवाऱ्या आजही नावाजलेल्या आहेत. म्हणजे पाथरीच्या एखाद्या गल्लीतून सवारी जाते तेव्हा तिच्यामागे साडेचारशे वर्षांहून मोठा रस्ता आहे. तिला ‘गावंढळ रीत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

हिरवा सदरा आणि नाडा. मूल जगावं म्हणून नवस. जगलं तर त्याला हुसेनांचा फकीर करायचं: हिरवे कपडे, गळ्यात रंगीत दोऱ्याचा नाडा, हातात झोळी, आणि पाच किंवा सात घरी भीक. मूल हिंदूंचं की मुसलमानांचं हे कुणी विचारत नसे. मागून आणलेल्याचा मलिदा व्हायचा. गावातल्या कितीतरी बायकांनी आपल्या पोरांची नावं फकिरा, हुसेन अशी ठेवली ती याच नवसातून. सदरा शिवणारा शिंपी आता रेडिमेडच्या दुकानात बसतो. नवस मात्र अजून फिटतात.

ताबूत. बुरूड बांबूच्या कामट्या काढून देई. सांगाडा उभा राहिला की त्यावर कागद, कागदावर बेगड, जुन्या काळी अभ्रकाचे पत्रे. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. खळीत मोरचूद घालावा लागतो, नाही तर उंदीर आणि झुरळं ताबूत खातात. सांगली जिल्ह्यात कडेगावला शंभर फुटांहून उंच ताबूत अजून उभे राहतात आणि त्यांच्या भेटी पाहायला दूरदूरची माणसं जमतात. आपल्याकडचे ताबूत लहान, माणसाच्या खांद्यावर जातील एवढे. उंची कमी म्हणून त्यांची नोंदही कमी. आता सांगाडा अल्युमिनियमचा असतो, कागदाऐवजी प्लास्टिकची फुलं, आणि तोच ताबूत दरवर्षी बाहेर येतो. टिकाऊ झाला म्हणून लोक खूष आहेत. मी नाही. ताबूत दरवर्षी मोडत होता म्हणून दरवर्षी कुणाला तरी तो बांधता येत होता.

गॅसबत्ती. त्याआधी टेंभे आणि पलिते. बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्याचा मान ठरलेला असे, तेल देणाऱ्या घराचाही. जनरेटरला मान नसतो, भाडं असतं.

चोंगे. गव्हाची कणीक गुळाच्या पाण्यात भिजवायची, जाड पोळी करून नक्षीच्या लाकडी पाटावर दाबायची, मग तूप सोडून भाजायची. दख्खनभर मोहरमचा हा पदार्थ. पाट सुतार कोरून देई आणि तो सासूकडून सुनेकडे जाई. हल्ली काही घरी पोळीवर चाळणी नाही तर वाटी दाबून नक्षी उठवतात. चव तीच राहते. पाट चुलीत गेला.

बडीशेप घातलेलं गुळाचं शरबत आहे, अजून भरपूर आहे. म्हणून यादीत घेत नाही.

गाणी. मराठी आणि दखनी मिसळलेली, कर्बल्याची कथा सांगणारी. पश्चिम महाराष्ट्रात यांना करबल म्हणतात. आपल्याकडे ती बायकांच्याही तोंडी होती, जात्यावर आणि अलाव्याभोवती. हुसेनांच्या तहानलेल्या लेकरांचं दुःख सांगणारी बाई स्वतः विठ्ठलाची माळकरी असे आणि तिला त्यात काही अडचण वाटत नसे. गंगाखेडच्या जनाबाईंच्या ओव्यांना छापील गाथ्यात जागा मिळाली. या गाण्यांना वही नव्हती. यादीतली सगळ्यात नाजूक वस्तू हीच. ज्यांना येतात त्या बाया सत्तरी ओलांडलेल्या आहेत.

मान. हा कुठल्याही कपाटात ठेवता येणार नाही, आणि बाकीचं सगळं यावर उभं होतं. पहिली कुदळ कुणाची, काठी कुणाच्या खांद्यावर, पाण्याची घागर कुठल्या दारात ओतायची, ऊद कोण घालणार, पाटलाच्या वाड्यासमोर सवारी किती वेळ थांबणार. कागदावर काहीच नाही, तरी चुकत नसे. निजामाच्या राज्यात कितीतरी आशुरखान्यांना इनाम जमिनी होत्या, त्यामुळे सेवेला पोटाचाही आधार होता. १९४८ नंतर राज्य बदललं, पुढे इनामं गेली किंवा वादात अडकली. त्यानंतर मानकऱ्यांची पोरं पुण्याला, हडपसर-चाकणला कामाला गेली. दुष्काळानं जेवढी माणसं गावातून नेली तेवढी कुठल्याच भांडणानं नेली नाहीत, हेही इथेच नोंदवतो.

भांडणानंही काही नेलंच. १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली, त्यानंतर पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि ताबुतांपुढे नाचणारी हिंदू मंडळी गणपतीच्या मेळ्यांत गेली. मुंबईतल्या ताबुतांच्या टोळ्या पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांच्या कारकिर्दीत, १९१२ च्या सुमारास आटोपल्या. परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात, म्हणून तो वारा इथवर उशिरा पोचला. आता पोचला आहे. एका बाजूनं सांगतात की हे धर्मात बसत नाही, दुसऱ्या बाजूनंही तेच सांगतात. दोघांचं सवारीपुरतं एकमत झालेलं आहे. मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही. गावानं आपल्या दुःखासाठी इतक्या लांबचं दुःख आपलं केलं, ही या मातीची मोठी कमाई आहे, आणि ती सोडून द्या असं सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही.

तारीख. परभणीचा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो. इंग्रजी तारीख, पक्की. सुगीचा पैसा हातात, हवा बरी, दुकानं लागतात, संदल निघतो, लाखोंनी लोक येतात. मोहरम चांद्र वर्षाचा, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. गेली काही वर्षं तो पेरणीत सापडला. हलगी पावसात, माणसं शेतात. शिवाय २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला, लागोपाठ दोन वर्षं, आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख एकाच दिवशी आली. सवारीचे कितीतरी खांदेकरी वारकरीही आहेत. ते त्या दिवशी पंढरपुरात होते.

पाणी. सवारी थंड करायला नदी, ओढा, नाही तर गावची विहीर. गोदाकाठच्या गावांची गोष्ट वेगळी. बाकीच्या ठिकाणी ओढा कोरडा आणि विहिरीवर जाळी. टँकरनं भरलेल्या हौदात सवारी थंड झालेलीही आहे.

आता त्रिनिदाद. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले हिंदुस्थानी मजूर घेऊन त्या बेटावर पोचलं. उसाच्या मळ्यांवर कराराची मजुरी. बहुतेक भोजपुरी मुलखातले, त्यात हिंदू जास्त. त्यांनी तिथं मोहरम सुरू केला आणि ‘हुसेन’चा पुकारा ऐकून बेटानं त्याला ‘होसे’ म्हटलं. ताबूत बांधायचे, खांद्यावर लाल आणि हिरवा असे दोन प्रचंड चंद्र घेऊन नाचायचं, शेवटी सगळं समुद्रात सोडायचं. आफ्रिकी वंशाचे मजूरही ढोल वाजवायला आले. ब्रिटिश सरकारला ही एकी मानवली नाही. मिरवणुकांना शहरात बंदी झाली, ती मोडून लोक निघाले आणि ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडोच्या वेशीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक मजूर मेले, कितीतरी जखमी झाले.

एवढं होऊनही सेंट जेम्स आणि सेड्रोसमध्ये होसे अजून निघतो. बांधणाऱ्यांची घराणी आहेत, त्यांचे वाडे आहेत, मुलं शाळेतून आल्यावर कागद कापायला बसतात. शेजारच्या गयानात मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो संपला. तीच माणसं, तोच ऊस, तेच राज्य. एका बेटावर बांधणारी घरं टिकली, म्हणून सोहळा टिकला.

म्हणून परभणीत कुणी अशी खोली करणार असेल, शाळेत, विद्यापीठात किंवा एखाद्या आशुरखान्याच्या ओसरीत, तर पंजे मागू नयेत. ते देवस्थानाचे आहेत, त्यांना त्यांच्या पेटीत राहू द्यावं. मागायचं ते असं: शेकायची एक हलगी आणि ती शेकणारा माणूस, चोंग्याचा एक पाट, कामट्यांची एक मोळी, खळीचं पातेलं आणि आठवड्याला दोन तास बसणारा बुरूड, प्रत्येक गावच्या मानाची एक वही, आणि गाणाऱ्या बायांचा आवाज, त्यांच्या नावासकट, त्यांच्या परवानगीनं, त्यांना मानधन देऊन. कपाटं नंतर घेता येतील.

सगळ्यांत आधी आवाज. त्याला इमारत लागत नाही, तुमच्या खिशातला फोन पुरतो. तुमच्या गावात सवारी बसत असेल तर या वर्षी मुजावराला, हलगीवाल्याला आणि गाणाऱ्या आजीला भेटा, विचारा आणि ऐकून ठेवा. साधारण २०२८ ते २०३१ या काळात मोहरमचा दहावा दिवस मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीच्या दिवसांत येईल. पेरणी सुरू झालेली नसेल, शाळांना सुट्टी असेल, पुण्याला गेलेली पोरं गावी आलेली असतील. एवढी सोयीची वेळ पुन्हा यायला तीस वर्षं लागतील.